पगारी पुढारी

कंपनीच्या बैठकीत सगुणबाब मळीक पोटभर खायचे. काजूची बशी आली की ती स्वतःकडे ओढायची, चहात दोन बिस्किटे एकदम बुडवायची आणि तोंड भरलेले असतानाच "ना, तें जावचें ना" म्हणून समोरच्याची मागणी उडवून लावायची, ही त्यांची पद्धत. मोपा विमानतळाजवळच्या त्या थंडगार खोलीत मी त्यांच्या शेजारी आमच्या वैमानिक संघटनेचा अध्यक्ष म्हणून बसलेला असे. ज्यांच्याशी भांडायचे त्यांच्या घरचे पाणीही पिऊ नये, अशी माझी बाणेदार समजूत होती. त्यामुळे मी काहीच खात नसे आणि तासाभराने भुकेने कासावीस होऊन काहीही कबूल करायला तयार होत असे.

एकदा मी त्यांना हळूच म्हटले, "सगुणबाब, कंपनीचं इतकं खाणं बरं दिसतं का?"

"खाणीर आसतना हांवें कंपनीची चायसुद्दां कधी पियेवंक ना," ते म्हणाले. "तरी लोक म्हणटाले, सगुण लिपून खाता. आतां सगळ्यांमुखार खातां. कोणाक कितें म्हणपाचें तें म्हणूं दी."

ते डिचोली भागातल्या खाणीवर डंपर चालवायचे आणि तिथल्या कामगारांचे पुढारी होते. खाणी बंद पडल्या तेव्हा पुढारीपणही संपले आणि ते कारापूरला आपल्या बागायतीत माड-पोफळी बघत बसले. असा माणूस विमान चालवणाऱ्यांचा पुढारी कसा झाला, हे सांगायचे तर आधी मी किती वाया गेलेला अध्यक्ष होतो ते सांगावे लागेल.

आमची विमानकंपनी लहान. काही विमाने इंजिनाच्या सुट्या भागांवाचून जमिनीवर उभी होती. कंपनीने वैमानिकांना सवलत मागितली. आम्हाला महिन्याला ठरावीक तासांच्या पगाराची हमी असते. उड्डाणे कमी झाली तरी तेवढा पगार मिळतोच. कंपनीला ती हमीच काढून टाकायची होती. वाटाघाटींसाठी अध्यक्ष हवा होता, आणि तो मी झालो. माझ्यात काही नेतृत्वगुण दिसले असे नव्हे. पेडण्यातले माझे घर विमानतळाला जवळ होते, अंगणात दहा-बारा गाड्या मावत होत्या आणि माझी बायको शर्मिला आल्यागेल्याला उंडे, म्हणजे गोल पाव, आणि पातळ भाजी दिल्याशिवाय सोडत नसे.

पहिल्या बैठकीला मी इस्त्रीचा गणवेश घालून, तक्ते आणि आलेख घेऊन गेलो. कंपनीच्या मनुष्यबळ विभागाच्या बाई फार गोड बोलायच्या. त्यांनी माझ्या आलेखांचे कौतुक केले, आपण सगळे एक कुटुंब आहोत, काळ कठीण आहे, सगळ्यांनी थोडे थोडे सोसले तर तरून जाऊ, असे म्हणाल्या. मी इतका विरघळलो की ड्यूटीवर न्यायला घरी येणारी कंपनीची गाडीसुद्धा आपण होऊन सोडून आलो. गेलो होतो पगार वाचवायला, आलो तो गाडी देऊन.

शर्मिलाने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "विमान कित्याक सोडलें? तेंय दिवन येवपाचें मरे!"

डिचोलीला माझे वडील होते. त्यांनी खाणकंपनीच्या कचेरीत आयुष्य काढले होते आणि सगुणबाबांचे मोर्चे खिडकीतून पाहिले होते. ते म्हणाले, "तुज्यान हें जावचें ना. सगुणाक आपय." आणि त्यांनीच त्यांना फोन करून सांगितले, की माझा मुलगा माधव पायलट आहे आणि पगाराचा घोळ झाला आहे.

मी कारापूरला पोचलो तेव्हा सगुणबाब नारळ पाडून घेत होते. बुटकी, घट्ट बांध्याची मूर्ती, कमरेला पंचा, डोळ्यांवर जाड चष्मा. मला आपादमस्तक न्याहाळून त्यांनी माझ्या मागे पाहिले.

"मोटारसायकल खंय लायली?"

गोव्यात मोटारसायकलवरून भाडे मारणाऱ्यालाही पायलटच म्हणतात. ते भाडेवाढीचा प्रश्न असणार म्हणून तयारीत बसले होते. मी छाती जराशी पुढे काढून सांगितले, की मी विमानाचा पायलट, कॅप्टन. त्यांच्यावर काही परिणाम झाला नाही. उलट थोडी निराशाच दिसली. "त्यांचें काम सोंपें आसलें," ते म्हणाले. "त्यांचो संप जालो तर लोकांक कळटा."

मी आमची सगळी कथा सांगितली. बाईंचे ते कुटुंब आणि कठीण काळ वगैरे बोलणे तर अगदी त्यांच्या आवाजात करून दाखवले. सगुणबाबांनी सगळे शांतपणे ऐकले आणि एकच प्रश्न केला.

"माका पगार किती दितले?"

मी चपापलो. माझी कल्पना, असा झुंजार माणूस नुसत्या हाकेला धावून येईल. मी लढा, तत्त्व, सामाजिक बांधिलकी असे काहीतरी पुटपुटलो.

"ती तुमच्या विमानांत आसा?" त्यांनी विचारले. "बांधिलकी सांगली तर तिकीट फुकट दितात?" मग जरा मऊ होऊन म्हणाले, "आयक. खाणीर पुढारीपणाचो हांवें एक पयसो घेतलो ना. देखून कोणूय विचारतालो, मगे ह्याका फिरपाक पयशे कोण दिता? पगार घेतलो म्हणटकच विचारपाक कोणाक जागो उरना. आनी हिशेब मागपाक तुमकांय तोंड मेळटा."

पगाराचा आकडा त्यांनी सांगितला तो आमच्यातल्या कोणाच्याही पगारापुढे किरकोळ होता. तरी त्यावरून माझ्या घरच्या दिवाणखान्यात एक अख्खी दुपार रणकंदन झाले.

आमच्यात सर्वांत ज्येष्ठ होते कॅप्टन सेठी. मूळचे दिल्लीचे, आश्व्याला समुद्राजवळ बंगला बांधून राहिलेले. ते म्हणाले, "आपल्या पगारावर कुऱ्हाड येते आहे आणि अशा वेळी आपण नेत्याला पगार सुरू करायचा? नेत्याने स्वतः उदाहरण घालून द्यायला हवं." कोणी म्हणाले, आधी काम दाखवू दे. कोणी म्हणाले, देऊ, पण आमचा जेवढ्या टक्क्यांनी कापला जाईल तेवढ्याच टक्क्यांनी त्यांचाही कापायचा. सगुणबाब मागे खुर्चीत बसून उंडो-भाजी खात होते. चर्चा हिंदी-इंग्रजीत चालली असल्याने त्यांना काही कळत नसावे, असा आमचा सोयीस्कर समज होता.

अध्यक्ष म्हणून मी मध्यममार्ग काढला. पहिले काही महिने अर्धा पगार द्यावा, निकाल चांगला लागला तर उरलेला द्यावा आणि गाडीखर्च त्यातच धरावा. माझ्या समतोल बुद्धीवर मी बेहद्द खूश झालो होतो. समारोपादाखल मी सगुणबाबांकडे वळून त्यांना आमच्या बोलीत सांगितले, "आम्ही सगळे एक कुटुंब. काळ कठीण आसा. सगळ्यांनी थोडें थोडें सोसलें तर—"

सगुणबाबांनी हात पुसले. "हें हांवें खंय आयकलां रे?" ते म्हणाले. "हां. त्या बायेचें. तूंच सांगलें न्हय माका कारापुरांत, तोंड तांबडें करून?"

मला वाटले, आता कोणी तरी विमान काढावे आणि मला बसवून न्यावे.

"तुमचो पगार कंपनी कापता," ते हिंदीत, म्हणजे त्यांच्या हिंदीत, सगळ्यांना सांगू लागले. "माझो पगार तुमी कापतात. म्हणजे तुमी कंपनी झाले. एका दिवसात झाले. अच्छा है. लेकिन मग मी कोणाच्या बाजूने बसायचे?"

मतदान झाले. दोन्ही बाजूंना सारखी मते पडली आणि निर्णय अध्यक्षावर आला. मी तटस्थ राहावे अशा विचारात होतो. पण स्वयंपाकघराच्या दारात शर्मिला हाताची घडी घालून उभी होती. सगुणबाबांना पूर्ण पगार मंजूर झाला, गाडीखर्चासकट. नोकरीवरून काढायचे झाल्यास एक महिन्याची नोटीस, हे कलमही त्यांनी जाता जाता घालून घेतले.

विमानातले त्यांना काही म्हणता काही कळत नव्हते आणि ते शिकायलाही तयार नव्हते. कॅप्टनला ते ड्रायव्हर म्हणत आणि शेजारी बसणाऱ्या सहवैमानिकाला किलीनर. मी एकदा बराच वेळ घालवून समजावले, की सहवैमानिकही विमान चालवतो, उतरवतोसुद्धा. "आमचो किलीनरूय चलयतालो," ते म्हणाले. "ड्रायव्हराक न्हीद आयली काय." मी विषय बदलला, कारण मी नुकताच एका लांबच्या उड्डाणावरून आलो होतो.

पहिल्याच बैठकीत त्यांनी धुळीचा भत्ता मागितला. बाईंना वाटले, भाषांतरात माझी चूक झाली. चूक नव्हती. खाणीवर धुळीचा भत्ता असे, मोप्याचा सडा, म्हणजे पठार, तांबड्या मातीचा, म्हणून तो इथेही हवा. मी लाजेने टेबलाखाली बघत राहिलो. तीन-चार बैठका त्यांनी तो भत्ता लावून धरला, आणि शेवटी बाई इतक्या कंटाळल्या की तेवढा विषय सोडा म्हणून त्यांनी माझी घालवलेली गाडी परत दिली. बाहेर आल्यावर मी त्यांचा हात हातात घेऊन म्हटले, "काय युक्ती केलीत!"

ते खरोखरच रागावले. "युक्ती कसली? सड्यार धूळ आसा! तुमी नाकां वयर करून चलतात, तुमकां कशी दिसतली?"

आणि मग कंपनीने तो प्रस्ताव पुढे केला. आत्ता नोकरीवर असलेल्या वैमानिकांचे काहीही कापायचे नाही. हमीचे तास तसेच राहतील. फक्त यापुढे जे नवे नोकरीला लागतील त्यांना हमी नाही, उडतील तेवढ्या तासांचेच पैसे. बाईंनी हे सांगितले तेव्हा मी मनातल्या मनात नाचलो. सगुणबाबांनी "बघतों" एवढेच म्हटले. त्यांना कारापूरला सोडायला निघण्याआधीच मी सगळ्यांना फोनवर आनंदाची बातमी पाठवली, आणि तिची भाषा अशी झाली की वाचणाऱ्याला वाटावे, हे सगळे माझ्यामुळेच झाले.

वाटेत साखळीच्या बाजारात त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. भाजीच्या दुकानापाशी एक पन्नाशीचा माणूस उभा होता, त्यांच्याच बांध्याचा. सगुणबाबांनी काच खाली करून हाक मारली, "ए उत्तम!" त्या माणसाने पाहिले, पिशवी उचलली आणि रस्ता ओलांडून पलीकडे निघून गेला.

"धाकलो भाव," सगुणबाब म्हणाले. गाडी बाजाराबाहेर पडल्यावर ते सांगू लागले.

"असोच करार हांवें केल्लो. खाणीर. पर्मनंट कामगारांचें कांयच कापचें ना, नवे येतले ते ठेकेदाराचे. लोकांनी माका हार घातले, खांद्यार घेवन नाचले. मागीर कांय वर्सांनी उत्तम कामाक लागलो. तो नवो. एकच डंपर, सकाळीं हांव चलयतालों, दनपरां तो. ताका अर्दो पगार. खाणी बंद पडल्यो तेन्ना आमकां कितें तरी मेळ्ळें. ताका फकत सांगलें, फाल्यां कामार येवं नाका." त्यांनी चष्मा काढून पुसला. "त्याणें माका विचारलें, दादा, तूं करारार सय करतालो तेन्ना हांव खंय आसलों रे? आनी तो शाळेंत आसलो, माधव. शाळेंत."

तेव्हापासून उत्तमने त्यांच्या घरचा उंबरठा ओलांडला नव्हता. एकाच गावात, दोन वाड्यांत.

पुढची सभा पुन्हा माझ्याच दिवाणखान्यात. लोक मिठाई घेऊन आले होते. सगुणबाब उभे राहिले आणि भाषांतराला मी. आजवर मी त्यांचे बोलणे जरा धुऊन, इस्त्री करून इंग्रजीत मांडत असे. त्या दिवशी ते इतक्या भराभर बोलत होते की इस्त्रीला सवडच मिळाली नाही. शिव्यांसकट सगळे जसेच्या तसे बाहेर पडले.

ते म्हणाले, "जो अजून आयलो ना, ताचो पगार तुमी विकतात. तो तुमकां विचारपाक येवंक शकना, म्हूण विकतात. पूण तो येतलो. आनी येवन खंय बसतलो? तुमच्याच कुशीक. त्या इल्ल्याशा खोलयेंत. वयर, ढगांत. काम सारकें, पगार अर्दो. तो तुमच्या तोंडाकडे पळयत बसतलो. तुमकां थंय सूख जातलें?"

"मग करायचं काय?" सेठींनी विचारले.

"थोडें कापूंक दियात. सगळ्यांचें. नव्यांचें, पोरन्यांचें, सारकें. वर्सभर. मागीर परत, तें करारांत बरयून."

एकच गलका झाला. "आम्ही तुम्हाला पगार वाचवायला ठेवलं, आणि तुम्ही कापायला सांगता?" हे ज्याने विचारले त्याचे मला पूर्ण पटले होते. खोटे कशाला सांगू, माझ्या घराचे हप्ते होते, आणि अजून न आलेल्या माणसाचा चेहरा काही केल्या माझ्या डोळ्यांसमोर येत नव्हता. माझा हात वर जाणार की नाही, हे मलाच ठाऊक नव्हते.

तेवढ्यात कॅप्टन सेठी उठले. सगुणबाबांच्या पगाराला सर्वांत मोठा विरोध त्यांचा होता. "माझी मुलगी लवकरच वैमानिकाचा परवाना घेते आहे," ते कोरडेपणाने म्हणाले. "कुठे तरी ती नवीनच असणार." आणि त्यांनी हात वर केला. मग एकेक करून इतर. माझाही गेला, बराच उशिरा. थोडक्या मतांच्या फरकाने ते मंजूर झाले.

"आणि तुमचा पगार?" कोणी तरी मागून खवचटपणे विचारले. "आता तोही कापायचा ना?"

"ना," सगुणबाब म्हणाले. "माझो कापून कोणाचो वाडटलो?" त्यांनी शेवटपर्यंत तो कापू दिला नाही. पुष्कळांना ते खुपले. मला सुद्धा. त्या वर्षात पगार हातात पडला की मला पहिल्यांदा आठवण त्यांची व्हायची, आणि ती फार प्रेमाची नसायची.

करार त्यांनी म्हटले तसा झाला. तो झाल्यावर संघटनेच्या पहिल्याच सभेत पगारी पुढारी आता कशाला, असा ठराव एकमताने मंजूर झाला आणि निरोप सांगायला मला कारापूरला पाठवले. वाटेत मी वाक्ये पाठ केली. त्यांच्यासमोर उभा राहिल्यावर तोंडातून निघाले, "सगुणबाब, संघटनेची पुनर्रचना करायची आहे..."

ते इतके हसले की ठसका लागला. "अरे, काडलो म्हूण सांग! इतके दीस माझ्यावांगडा बसलो, तरी त्या बायेचेंच शिकलो तूं." मग डोळे पुसून म्हणाले, "नोटिशीचो म्हयनो खंय?" तो मी साफ विसरलो होतो. तो त्यांना मिळाला, आणि मला एक भला मोठा फणस.

वर्ष संपल्यावर कंपनीने कुरकुरत का होईना, हमीचे तास परत दिले. मध्यंतरी लागलेल्या नव्या सहवैमानिकांनाही तेच. हे सांगायला मी फोन केला तर ते म्हणाले, "आनी धुळीचो भत्तो?"

त्यानंतरच्या पावसाळ्याच्या अखेरीस एका सकाळी वडिलांचा फोन आला. सगुण गेला, झोपेतच गेला. मी, सेठी आणि आणखी दोघे नुकतेच आपापली विमाने उतरवून आलो होतो. कपडे बदलायला वेळ नव्हता. पांढरे शर्ट, खांद्यावर सोनेरी पट्टे, अशा वेषात आम्ही थेट कारापूर गाठले. अंगणात शिरलो तेव्हा एका म्हाताऱ्या बाईने दुसरीला विचारलेले मी स्पष्ट ऐकले, "ह्यांनी बेंडबाजो कित्याक सांगला गे?"

खाणीवरची माणसे जमली होती. काही माडांच्या बाजूला, काही कुंपणाच्या बाजूला. त्यांच्यातले पर्मनंट कोण आणि ठेकेदाराचे कोण, हे कोणी सांगण्याची गरज नव्हती. कुंपणाच्याही पलीकडे, रस्त्यावर, उत्तम उभा होता. आम्हाला पाहून त्याने मला खुणेने कुंपणापाशी बोलावले.

"तुमी विमानाचे?"

मी होय म्हटले.

"त्याणें तुमचो पगार वाचयलो म्हणटात."

"नाही," मी म्हणालो. "कापायला लावला. एक वर्ष."

"कोणाचो?"

"सगळ्यांचा. सारखाच."

"नवे आयले त्यांचो?"

"त्यांचाही तेवढाच. आणि आमच्याबरोबर त्यांनाही परत मिळाला."

उत्तमने चपला रस्त्यावरच काढल्या आणि कुंपणातून आत आला. माणसे बाजूला झाली. त्याने तिरडीचा पुढचा डावा खांदा घेतला.

मला त्याच्या मागचा खांदा मिळाला. मी आमच्यात सगळ्यांत उंच, आणि त्याचा मला एरवी अभिमान. इथे तिरडी पुढे कलंडू लागली. "पायलटबाब, वाकात मरे," उत्तम मागे न बघता म्हणाला. "खांदे सारके जाय." मी गुडघे वाकवले. नदीपर्यंतची वाट चिखलाची आणि लांब होती. ती सगळी मी तसाच बदकासारखा चाललो, आणि कोणी हसले नाही.